दुसऱ्या नळीचा बार

"तुमच्या सासूबाई बंदूक चालवतात म्हणे?" असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. प्रश्नाबद्दल तक्रार नाही, विचारताना जे हसू येतं ना, त्याबद्दल आहे. माझ्या सासूबाई बंदूक चालवतात, शाळेची बसही चालवतात, आणि दोन्हींत हसण्यासारखं काही नाही. बसमध्ये पोरांचा बाजार भरलेला असतो, पण त्यांना कधी आवाज चढवावा लागत नाही. आरशात एकदा बघितलं की मागच्या सीटवरची मारामारी जागच्या जागी थांबते. तीच नजर त्या मैदानावर उडत्या तबकडीवर लावतात, एवढंच.

बंदूक त्यांच्या मामांची. मामांना मूलबाळ नव्हतं आणि ही भाची लहानपणापासून त्यांच्या मागे मागे मैदानावर. मामा गेले, रीतसर परवाना झाला आणि बंदूक भाचीकडे आली. एकावर एक अशा दोन नळ्या, चाप मात्र एकच. चाप पहिल्यांदा ओढला की खालच्या नळीतला बार उडतो, पुन्हा ओढला की वरच्या. समोर जमिनीत खंदक असतो आणि त्यात एक यंत्र. नेमबाजानं "हां!" म्हटलं की ते यंत्र बशीएवढी मातीची तबकडी फेकतं. डावीकडे की उजवीकडे ते आधी कळत नाही, आणि तबकडी जी सुटते ती लांब लांबच पळते. पहिला बार हुकला तर दुसरा हाताशी असतो. तोही हुकला तर तबकडी गवतात जाऊन सुखरूप पडते आणि मागे बसलेल्यांतला कोणीतरी "च्" करतो. त्या "च्" करणाऱ्यांना मी चांगला ओळखून आहे. त्यातल्या निम्म्यांनी वर्षानुवर्षं बंदूक उचललेली नाही.

सासरेबुवा गाड्यांच्या सीटा आणि सोफे शिवतात. बसच्या ड्रायव्हरची सीट फाटली म्हणून या त्यांच्या दुकानात गेल्या होत्या, तिथंच जमलं. ती सीट त्यांनी इतकी मऊ करून दिली की पहिल्याच दिवशी यांना सिग्नलला डुलकी लागली, असं सासूबाई सांगतात. सासरेबुवा म्हणतात, साफ खोटं आहे, पण सांगताना खूश असतात. बंदुकीचा आवाज त्यांना सोसत नाही. तरीही दर स्पर्धेला ते येतात, पाठ करून उभे राहतात आणि कानांनीच सगळा खेळ बघतात.

आता चोकबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण आमच्या घरात जेवताना मिठापेक्षा जास्त वेळा चोक निघतो. नळीचं तोंड जरासं आवळलेलं असतं, कागदाच्या जाडीचा हिशेब. त्या आवळण्याला चोक म्हणतात. बागेच्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबावा तसं. तोंड जास्त आवळलं की काडतुसातले बारीक छर्रे लांबपर्यंत एकत्र राहतात, कमी आवळलं की लवकर फाकतात. हे आवळणारे छोटे चोक नळीच्या तोंडात स्क्रूसारखे बसतात आणि बदलता येतात. पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. ओळखायला कडेवर खाचा असतात: एक खाच म्हणजे पूर्ण आणि चार खाचा म्हणजे पाव. उलटं का, ते मला विचारू नका. मी एकदा विचारलं होतं, तर क्लबच्या सेक्रेटरींनी अर्धा तास उत्तर दिलं आणि शेवटी त्यांनाही माहीत नाही असं निघालं.

खाचांवर सासूबाईंचा विश्वास नाही. चोक म्हणजे नळीची आतली रुंदी वजा तोंडाची रुंदी. नळीच जर थोडी रुंद घडली असेल, तर ज्यावर अर्धा लिहिलंय तो पाऊणाचं काम करतो. मामांच्या बंदुकीत नेमकं तसंच आहे. हे त्यांनी कागदावरून शोधलं. सासरेबुवांच्या दुकानात सीटचे नमुने कापायला खाकी कागदाचे मोठे ताव असतात. ते तबकडीच्या अंतरावर ताणून लावायचे, बंदूक लाकडी घोड्यात, म्हणजे तिवईसारख्या चौकटीत, घट्ट बसवायची, बार काढायचा आणि मग छर्र्यांची भोकं मोजायची. मोजायचं काम सासरेबुवांचं. हातात खडू, एकेका भोकावर टिंब. मध्येच कोणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी ठरलं ते असं: खालच्या नळीत अर्धा, वरच्या नळीत पूर्ण. पहिला बार जवळचा, दुसरा लांबचा.

इतकं सगळं असून सासूबाई क्लबच्या संघात कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. ढालीची स्पर्धा वर्षातून एकदा होते आणि प्रत्येक क्लबचे तीन नेमबाज उतरतात. सासूबाई कायम चौथ्या. राखीव. राखीव माणसानं काय करायचं? काडतुसांच्या पेट्या उचलायच्या, पाणी द्यायचं आणि कोणाचा पाय मुरगळतोय का याची वाट बघायची. त्यांनी वाटही कधी बघितली नाही. पेट्या मात्र उचलल्या, अगदी मनापासून. "मला एकदा तिथं उभं राहायचंय हो," असं त्या सासरेबुवांना म्हणाल्याचं माझ्या बायकोनं एकदा ऐकलं होतं. एकदाच. त्यानंतर हा विषय घरात कोणी काढला नाही, पण तो घरात होता.

यंदा संघातला एकजण बदली होऊन दूर गेला आणि जागा रिकामी झाली. आणि नेमकी यंदाच बंदूक अडायला लागली.

झालं असं, की बसचं स्टिअरिंग फिरवून फिरवून सासूबाईंचा उजवा खांदा धरला होता. तीन महिने बंदुकीला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. तेवढ्या काळात सासरेबुवांनी त्यांच्यासाठी बंदुकीच्या दस्त्याला, म्हणजे जो भाग खांद्याला टेकतो त्याला, एक गादी बनवली. फोमचे तीन थर, वर मऊ कातडं, कडेला अशी शिलाई की दुकानात ठेवली असती तर लोकांनी सोफा समजून विचारलं असतं. सासूबाईंनी ती खांद्याला लावून वर मूठ मारून बघितली. "अहो, धक्का कळतच नाही!" सासरेबुवांचा चेहरा असा फुलला की बायकोच्या कौतुकानं माणूस किती तरुण दिसतो ते मी त्या दिवशी बघितलं.

सुट्टी संपवून त्या मैदानावर गेल्या आणि पहिल्याच फेरीत पहिला बार उडाला, दुसरा मुका. चाप ओढला तर चाप मेल्यासारखा ढिला. बंदूक मध्ये वाकवून उघडली. या बंदुकीची अशी खोड आहे की उडालेलं काडतूस टणकन मागे उडतं आणि न उडालेलं नुसतं जरा वर येऊन बसतं. खालचं मागे उडालं, वरचं डोकं काढून बसलं होतं. बरं, दर वेळी असं होतं म्हणावं तर तसंही नाही. चार तबकड्या नीट, पाचवीला मुकी.

मग सल्ल्यांना काय तोटा! सेक्रेटरी म्हणाले, "तीन महिन्यांत बोट विसरलंय. पहिल्या बारानंतर चाप पूर्ण सोडत नाही तुम्ही, अर्ध्यावरूनच पुन्हा ओढता." हे अगदी पटण्यासारखं होतं, कारण तसं खरंच होतं म्हणे पुष्कळांचं. मग सासूबाई सिग्नलला बस थांबली की स्टिअरिंगवर बोट दाबायच्या, सोडायच्या, दाबायच्या, सोडायच्या. मागून पोरं विचारायची, "बाई, हॉर्न बिघडलाय का?"

मिस्त्रींकडेही दोनदा नेली. क्लबचे बंदूक-मिस्त्री म्हणजे सज्जन माणूस, पण कमी बोलणारे. दोन्ही वेळा त्यांनी दस्ता काढला, आतलं सगळं धुऊन तेल लावलं, खोटी काडतुसं घालून तपासलं आणि म्हणाले, "चालतेय." आणि खरंच चालायची त्यांच्याकडे. कागदावर बार काढायला लाकडी घोड्यात बसवली तिथंही चालली, एकदासुद्धा अडली नाही. दवाखान्यात गेलं की ताप उतरतो, तशातली गत.

त्या दिवशी घोड्यावरून बंदूक काढताना सासूबाई सासरेबुवांना म्हणाल्या, "बंदूक ठीक आहे हो. माझ्यातच बिघाड आहे." सासरेबुवा खडू हातात धरून उभेच राहिले. मला इतका राग आला, कोणावर ते मलाच कळेना.

"नाचता येईना अंगण वाकडं," असं सेक्रेटरी चहाच्या टेबलावर म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. मी तडक जाऊन त्यांना विचारलं. ते म्हणाले, "अहो, मी जनरल बोललो." पण मग खरं तेही बोलले. "हे बघा, त्यांना घेतोय आम्ही. सकाळच्या दोन फेऱ्या त्या उभ्या राहतील. बंदूक अडत राहिली तर दुपारच्या फेरीला राखीव माणूस उतरवणार. तीन माणसांचा खेळ आहे, एकट्या त्यांचा नाही."

ढालीच्या दिवशी सकाळी मी गाडी चालवली. मागे सासूबाई आणि सासरेबुवा. सासरेबुवांची नेहमीची दुकानाची व्हॅनच होती, आत पट्ट्या, प्लाय, चामड्याचे तुकडे, हत्यारं.

पहिल्या फेरीत बंदूक दोनदा अडली. आमच्या नियमात एका फेरीत दोनदा अडली तर पंच माफ करतो आणि तबकडी पुन्हा सोडायला लावतो. तिसऱ्यांदा अडली की हुकली ती हुकली. दोन्ही माफ्या संपल्या तेव्हा अजून निम्मी फेरी बाकी होती. सासूबाईंनी कशीबशी ती पार पाडली, पण तीन तबकड्या सुखरूप गवतात गेल्या. सेक्रेटरी घड्याळाकडे बघत होते, निदान तसं दाखवत होते.

दुसऱ्या फेरीच्या आधी सासूबाईंनी खिशातून किल्ली काढली आणि खालच्या नळीतला अर्धा चोक काढून पाव बसवला. शेजारचा नेमबाज बघतच राहिला. "ताई, इथं पाव? पळत्या तबकडीला?"

"दुसरा बार मला नाहीच असं धरून चाललेय," सासूबाई म्हणाल्या. "मग पहिलाच लवकर काढायचा. लवकर काढला तर तबकडी जवळ असते, आणि जवळ असली तर पाव पुरतो."

आणि त्यांनी ते करून दाखवलं. "हां!" आणि लगेच बार. तबकडी खंदकातून डोकं काढते न काढते तोच तिचा धुरळा. इतक्या घाईनं कोणी मारत नाही, मारलं तर हुकतं. त्यांची एकच हुकली. मागे बसलेल्यांमध्ये "च्" ऐवजी शांतता होती आणि ती मला फार गोड लागली.

पण जेवणाच्या सुट्टीत वारा सुटला. पाठीमागून वारा आला की तबकडी वर न चढता खाली दबून सुसाट जाते. आता ती जवळ सापडणार नाही, पाव पुरणार नाही, दुसरा बार लागणारच. हे सासूबाईंना कळत होतं, आम्हालाही आणि सेक्रेटरींनाही. ते आले, घसा साफ केला आणि म्हणाले, "ताई, सकाळी छानच झालं. पण आता..."

"जेवण होईपर्यंत थांबा," सासूबाई म्हणाल्या. "मिस्त्रींना एकदा दाखवते. मग तुम्ही म्हणाल तसं."

मिस्त्रींचं टेबल मैदानाच्या कडेला तंबूत होतं. सासूबाई, मी आणि कधी नव्हे ते सासरेबुवाही आत आले. एरवी ते बंदूक उघडी बघायलाही तयार नसतात. मिस्त्रींनी सवयीनं आधी सासरेबुवांची गादी सोडवून बाजूला ठेवली, कारण दस्त्याचा लांब बोल्ट तिच्याखाली असतो. मग खोटी काडतुसं घातली, चाप ओढला, टक्. बंदूक उभी धरून दस्ता टेबलावर आपटला, पुन्हा चाप ओढला, टक्.

"बघा, चालतेय," मिस्त्री म्हणाले.

"आपटता का?" सासरेबुवांनी विचारलं. मला वाटलं, लाकडाला खोक पडेल म्हणून विचारतायत.

"आपटल्याशिवाय कशी चालणार? हिच्या आत एक वजन असतं. पहिल्या बाराचा धक्का बसला की ते मागे सरकतं, मग चाप दुसऱ्या नळीला लागतो. धक्का नाही तर दुसरा बार नाही. इथं काडतूस खोटं, धक्का मीच देतो."

सासरेबुवांनी टेबलावरची गादी उचलली. बोटांनी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं होतं, धक्का खाणाऱ्या वस्तू बनवायचं. त्यांचा रंगच उडाला.

"मिस्त्री," ते म्हणाले, "तो धक्का ही खाते."

मिस्त्रींनी गादी हातात घेतली, दस्त्याला लावली, त्यावर बंदूक टेबलावर आपटली. चाप ओढला. काही नाही. पुन्हा जोरात आपटली, टक्. हळू आपटली, काही नाही. "दर वेळी मीच ही काढून ठेवत होतो," मिस्त्री स्वतःशीच म्हणाले आणि कपाळावर हात मारून घेतला. "घोड्यात बसवतानाही ती काढूनच ठेवत होतो आम्ही," सासरेबुवा म्हणाले.

करायला गेलो काय आणि उलटे झाले पाय, असं सासरेबुवांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. "मीच केलं गं. माझ्यामुळे तू..."

मला वाटलं सासूबाई चिडतील. मी असतो तर चिडलो असतो. त्या हसल्या, मोठ्यानं, तंबूबाहेरचे लोक वळून बघतील इतक्या. "म्हणजे माझ्यात बिघाड नाही!" त्यांनी सासरेबुवांचा दंड धरून गदागदा हलवला. "अहो, माझ्यात बिघाड नाही!"

गादी काढून टाकली की झालं, असं मी म्हणालो. दोघांनी माझ्याकडे जावयाकडे बघतात तसं बघितलं. गादी काढली की दस्ता तेवढा आखूड होतो, मग गाल वेगळ्या जागी टेकतो आणि नेमच चुकतो. तेवढ्याच जाडीचं, पण कडक काहीतरी हवं.

"तुझा खांदा?" सासरेबुवांनी विचारलं.

"खांदा माझा आहे. तुम्ही कडक करा."

ते व्हॅनकडे धावले. त्या वयाच्या माणसाला मी तसं धावताना बघितलेलं नाही. सीटच्या पाठीला लावतात तो प्लाय काढला, गादीवरूनच आकार आखला, कापला, एकावर एक दोन तुकडे चिकटवून खिळ्यांनी धरले, कानस मारली. कानस मारताना ते त्या लाकडाला शिव्या देत होते, पण हात एकदाही चुकला नाही. खांद्यावरून घसरू नये म्हणून वर एकच थर चामडं ताणलं, आत काही नाही. अंगठ्यानं दाबून बघितलं. दगड. "आयुष्यात इतकं वाईट काम केलं नव्हतं मी," म्हणाले आणि ते मिस्त्रींच्या हातात दिलं. मिस्त्रींनी दोन स्क्रू आवळले. सासूबाईंनी पाव काढून अर्धा घातला, वरच्या नळीतला पूर्ण चोक किल्लीनं घट्ट केला आणि सेक्रेटरींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"एकदा जरी अडली तरी मी स्वतः बाहेर येते," त्या म्हणाल्या. सेक्रेटरींनी एकदा बंदुकीकडे बघितलं, एकदा सासरेबुवांच्या भुशानं भरलेल्या शर्टाकडे. "उतरा," म्हणाले. हे त्यांचं मी मानतो.

शेवटच्या फेरीबद्दल मी कितीही वेळ बोलू शकतो, घरचे उठून जातात. वाऱ्यानं तबकड्या गवत चाटत जात होत्या. सासूबाईंचा पहिला बार कधी लागे, कधी हुके. पण हुकला की पाठोपाठ वरच्या नळीचा बार, आणि लांबवर, जिथं तबकडी आता गेलीच असं वाटायचं, तिथं काळा धुरळा. धाड, धाड. धाड, धाड. प्रत्येक बाराला त्यांचा खांदा मागे जायचा आणि पुन्हा जागेवर यायचा. सासरेबुवा पाठ करून उभे होते. दोन आवाज आले की "हां, हां" असं पुटपुटायचे, आणि मध्येच माझा हात दाबायचे इतका की मला वाटलं माझाही खांदा जाणार.

समोरच्या क्लबचं आटोपलं. आमच्या बाकी दोघांचंही आटोपलं. हिशेब बरोबरीला आला आणि सासूबाईंची एक तबकडी उरली. लागली तर ढाल आमची. सेक्रेटरी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांच्या हातातली टोपी त्यांनी पार चुरगाळून टाकली.

"हां!"

तबकडी उजवीकडे सुटली, जमिनीलगत. पहिला बार. छर्रे तिच्या वरून गेले, पलीकडे माती उडाली. तबकडी तशीच पळत होती, लहान लहान होत. सासूबाईंनी नळी तिच्या पुढे नेली, घाई केली नाही, मी तिथं मनात किंचाळत होतो, मारा, मारा, गेली, गेली. आणि दुसरा बार उडाला.

तबकडीचे दोन तुकडे झाले. मोठे, उघड्या डोळ्यांनी दिसणारे दोन तुकडे. पंचाचा हात वर गेला.

मी काय ओरडलो मला आठवत नाही. सेक्रेटरींना मी मिठी मारली, हे मात्र दुर्दैवानं आठवतं. सासरेबुवा वळले आणि नियम मोडून सरळ मैदानात धावले. "बंदूक मोकळी होऊ द्या!" असं पंच ओरडतोय, हे धावतायत. सासूबाईंनी बंदूक उघडून पंचाला दाखवली, कट्ट्यावर ठेवली आणि तोवर हे पोहोचले. त्यांनी खांद्याला हात लावताच त्या कळवळल्या.

"दुखतंय?"

"खूप," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या हसत होत्या. "खूप दुखतंय हो."

मग त्यांचं नाव पुकारलं. तिघांमध्ये त्यांचं नाव पहिलं घेतलं. सासूबाई गेल्या आणि ढाल त्यांनी डाव्या हातानं उचलली. उजवा वर जातच नव्हता.